एक चूल, अनेक ताटे : वसतिगृहातील संगणक कक्षाचा हिशेब

आपल्या निवासी विद्यालयाच्या स्मरणिकेसाठी काही लिहावे, असा आग्रह झाला तेव्हा आठवणींचाच लेख लिहावा, असा मोह झाला होता. पहाटेची घंटा, सकाळची वंदना, हौदावरची गर्दी आणि रात्रीच्या अभ्यासिकेतील शांतता यांविषयी माझ्याहून समर्थपणे लिहू शकणारे अनेक मित्र या अंकात आहेत. म्हणून मी वेगळा विषय घेतला आहे. तो म्हणजे आपला संगणक कक्ष. दरवर्षी माजी विद्यार्थ्यांचा मेळावा भरतो आणि दरवर्षी कोणीतरी कळकळीने उठून म्हणतो, “मुलांसाठी नवे संगणक घेऊ या.” टाळ्या पडतात, वर्गणी जमते, यंत्रे येतात. तीन-चार वर्षांत त्यातील निम्मी आच्छादनाखाली झाकली जातात आणि पुन्हा तोच ठराव होतो. या चक्रातून बाहेर पडायचे असेल तर खरेदीआधी हिशेब मांडावा लागेल, हे माझे मत आहे. ते मला माझ्याच एका चुकीने शिकवले.

ती चूक आधी सांगतो. काही वर्षांपूर्वी कक्षात एक मुख्य संगणक आणि त्याला जोडलेली अनेक आसने, अशी सामायिक यंत्रणा होती. मुले कंटाळून जात, इतकी ती मंद झाली होती. समाजबांधवांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी पैसे जमवले, आणि ‘या क्षेत्रातला माणूस’ म्हणून निर्णय माझ्यावर सोपवला. त्याच मदरबोर्डवर बसणारा अधिक वेगाचा प्रोसेसर मी आणवला. पैसे संपले. पहिल्याच तासाला वीस मुले बसली आणि यंत्रणा पूर्वीइतकीच मंद राहिली. त्या दिवशी मी खिन्न होऊन भोजनगृहात बसलो होतो. पंगत उशिरा उठत होती आणि बाहेर मुलांची रांग लागली होती. मी स्वयंपाकाच्या मावशींना सहज म्हटले, “मावशी, आणखी एक चूल मांडायला हवी.” त्या हसून म्हणाल्या, “बाबू, चुलीले काई झालं नाई, वाढाले हात नाई.”

भात केव्हाच शिजला होता. वाढपी दोनच होते. मी संगणक कक्षात नेमके हेच केले होते. अडचण वाढप्यांची होती आणि मी चूल बदलली होती.

हा विषय तांत्रिक आहे, आपला नव्हे, असे पालकांना वाटू नये, म्हणून त्यामागे काय पणाला लागले आहे ते सांगतो. एमएचटी-सीईटी २०१९ पासून संगणकावर घेतली जाते. जेईई मेनही त्याच वर्षी कागदावरून संगणकावर गेली. २०२३ ची तलाठी भरतीची परीक्षा संगणकावर झाली. राज्य परीक्षा परिषदेची टंकलेखन परीक्षाही आता संगणकावरच द्यावी लागते. आपली मुलगी किंवा मुलगा अमरावती वा अकोल्याच्या परीक्षा केंद्रात प्रथमच माऊस हातात धरत असेल, तर प्रश्नाचे उत्तर ठाऊक असूनही त्याची पहिली दहा मिनिटे भीतीत जातात. शहरातील मुलाला ही दहा मिनिटे घरीच मिळालेली असतात. आपल्या मुलांना ती वसतिगृहानेच द्यायची आहेत.

म्हणून पहिला हिशेब यंत्रांच्या संख्येचा नसून मिनिटांचा असावा. समजा, शाळेत ३०० मुले आहेत, १२ संगणक आहेत आणि कक्ष रोज तीन तास उघडा असतो. तर १२ यंत्रांची मिळून २,१६० मिनिटे होतात आणि प्रत्येक मुलाच्या वाट्याला रोज ७ मिनिटांच्या आसपास वेळ येतो. त्यातील ४ यंत्रे बंद पडली तर हा वाटा ५ मिनिटांच्याही खाली जातो. याउलट, साधी का होईनात, ३० आसने सुरळीत चालली तर तोच वाटा १८ मिनिटे होतो. १२ चकचकीत यंत्रे की ३० साधी आसने, हा आपल्यापुढचा खरा प्रश्न आहे आणि सामायिक संगणकाचा विचार येथूनच सुरू होतो.

एका संगणकावर अनेकांनी एकाच वेळी काम करावे, ही कल्पना नवी नाही. स्वतंत्र घरगुती संगणकापेक्षा ती जुनी आहे. आपण सर्वांनी ती अकोला किंवा बडनेरा स्थानकाच्या आरक्षण खिडकीवर पाहिली आहे. रेल्वेचे संगणकीय आरक्षण १९८५ साली दिल्लीत सुरू झाले आणि पुढे देशभर पसरले. खिडकीतील कर्मचाऱ्यासमोर काळ्या पडद्यावर अक्षरे उमटत. तिकिटांचा हिशेब ठेवणारे यंत्र मात्र दूरच्या महानगरातील केंद्रात असे. कर्मचाऱ्यापुढे होते ते केवळ टर्मिनल, म्हणजे ताट. चूल दुसरीकडे होती. बँकांच्या शाखांतही एका खोलीत युनिक्स किंवा झेनिक्सवर चालणारा एक संगणक आणि काउंटरवर चार-सहा टर्मिनले, हे दृश्य नव्वदच्या दशकात सर्रास दिसे.

एवढ्याशा यंत्रावर इतकी माणसे कशी काम करत? उत्तर साध्या गणितात आहे. टंकलेखनाच्या परीक्षेत मिनिटाला ३० शब्दांचा वेग मागतात. एक शब्द पाच कळांचा धरला तर मिनिटाला १५० कळा, म्हणजे ०.४ सेकंदाला एक कळ दाबली जाते. त्या काळच्या ३८६ प्रोसेसरला तेवढ्या वेळात दहा लाखांहून अधिक सूचना पार पाडता येत. माणूस विचार करत असताना यंत्र बहुतांश काळ रिकामे बसलेले असते. तो रिकामा वेळ दुसऱ्याला देणे, एवढेच सामायिक संगणकाचे मर्म आहे. टर्मिनलपर्यंतची तार सेकंदाला ९,६०० बिट वाहून नेई, म्हणजे सुमारे ९६० अक्षरे. ८० स्तंभ आणि २४ ओळींचा पूर्ण पडदा १,९२० अक्षरांचा. तो भरायला दोन सेकंद लागत. तिकीट काढायला किंवा खातेउतारा पाहायला ते पुरेसे होते.

पुढे पडद्यावर चित्रे आली आणि हिशेब बदलला. १९९९ साली लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रोजेक्ट, म्हणजे एलटीएसपी, सुरू झाला. जुन्या, हार्ड डिस्क नसलेल्या संगणकांनाही एका मुख्य संगणकावर चालवण्याची ती मोफत सोय होती. त्यानंतर एनकम्प्युटिंगसारख्या कंपन्यांनी छोट्या पेट्या बाजारात आणल्या. त्यांच्या एक्स-३०० या संचातील एका कार्डाने साध्या संगणकाला तीन जादा आसने जोडता येत. दोन कार्डे बसवली तर मूळचे धरून सात मुले एकाच यंत्रावर बसत. शेजारच्या आंध्र प्रदेशात २००८ च्या सुमारास हजारो सरकारी शाळांसाठी याच पद्धतीची निवड झाली. एका संगणकाच्या किमतीत थोडी भर घालून सात मुले बसतात, हे गरीब शाळेला पटणारच. टंकलेखन, चित्रकला, गणिताचे खेळ, कोरा तक्ता भरणे या कामांत ही यंत्रणा उत्तम चाले, हे मी स्वतः पाहिले आहे.

मग ती बदनाम का झाली? मुख्य कारण व्हिडिओ. १०२४ बाय ७६८ ठिपक्यांचा पडदा घ्या. प्रत्येक ठिपक्याला दोन बाइट धरले तर एक चित्र सुमारे १.५७ मेगाबाइटचे होते. हलते चित्र दिसायला सेकंदाला अशी २५ चित्रे लागतात, म्हणजे ३९ मेगाबाइट, किंवा सुमारे ३१५ मेगाबिट. शाळांत बसवलेले जाळे मात्र सेकंदाला १०० मेगाबिटांचे असे. चित्रे दाबून लहान करून पाठवली नाहीत, तर त्या तारेतून एका मुलाचाही व्हिडिओ नीट जात नसे. मग वीस मुलांचा कसा जाणार? शिक्षकांनी धड्याचा व्हिडिओ लावला की सारे पडदे थबकत आणि ‘हे सामायिक यंत्र कुचकामी आहे’ असा शिक्का बसे. यंत्राला न पेलणारे काम दिले गेले होते, हे कोणी सांगत नसे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. जुन्या सामायिक यंत्रणेत सुधारणा करायची तर कोणत्या क्रमाने? भोजनगृहाचीच भाषा वापरतो. प्रोसेसर ही चूल, रॅम हा ओटा, हार्ड डिस्क हे कोठीघर आणि जाळ्याची तार म्हणजे वाढपी.

पहिला खर्च रॅमवर करावा. एलटीएसपीच्या सुरुवातीच्या मार्गदर्शिकांत एक सोपे सूत्र असे: २५६ एमबी मूळ, अधिक प्रत्येक आसनामागे ५० एमबी. वीस आसनांना सव्वा जीबीच्या आसपास रॅम पुरे. काही वर्षांत तेच सूत्र आसनामागे १९२ एमबीवर गेले आणि वीस आसनांसाठी ४ जीबी लागू लागले. मुले तीच होती. संकेतस्थळे जड झाली होती. आज ब्राउझर वापरायचा तर आसनामागे किमान एक जीबी धरावी, असे माझे मत आहे. ओटा अपुरा पडला की स्वयंपाकी पातेली कोठीघरात नेऊन ठेवतो आणि पुन्हा पुन्हा आणतो. संगणकही तेच करतो, आणि मग चूल कितीही मोठी असली तरी जेवण होत नाही. माझा नवा प्रोसेसर याच कारणाने वाया गेला. त्या पिढीच्या अनेक मदरबोर्डांवर ४ किंवा ८ जीबीपलीकडे रॅम बसतच नाही. अशा वेळी जुन्या यंत्रावर आणखी खर्च न करता ते एकट्या मुलाच्या वापराला द्यावे, हेच शहाणपणाचे.

दुसरा खर्च हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवण्यावर करावा. मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी चकती एका फेरीला ८.३ मिलिसेकंद घेते. वाचणारे टोक जागेवर नेण्याचा वेळ धरला तर सेकंदाला विखुरलेली ७५ ते १०० वाचनेच होतात. वीस मुलांनी एकदम लॉगिन केले आणि प्रत्येकासाठी समजा दीड हजार तुकडे वाचायचे असले, तर ३०,००० वाचनांना पाच मिनिटे लागतात. चाळीस मिनिटांच्या तासातील पाच मिनिटे केवळ पडदा उघडण्यात गेली! साधी एसएसडीसुद्धा सेकंदाला हजारोंनी अशी वाचने करते. खर्चाच्या तुलनेत एवढा फरक पाडणारी दुसरी सुधारणा मला माहीत नाही.

तिसरा खर्च जाळ्यावर. १०० मेगाबिटांच्या जुन्या स्विचच्या जागी गिगाबिट स्विच आणि उंदरांनी कुरतडलेल्या केबलींच्या जागी नव्या केबली. प्रोसेसरचा क्रम चौथा. वीस मुले टंकलेखन करत असताना चार गाभ्यांचा जुना प्रोसेसरही निवांत असतो.

आणखी एक सुधारणा जवळपास फुकट आहे आणि वऱ्हाडात तिचे मोल फार. एप्रिलपासून आपल्याकडे पारा चढू लागतो, काळ्या मातीची धूळ पंख्यांत साचते आणि प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग कमी करतो. वर्षातून दोनदा ब्रशने धूळ काढणे, थर्मल पेस्ट बदलणे आणि मुख्य संगणक पश्चिमेच्या तापणाऱ्या भिंतीपासून दूर ठेवणे, एवढ्यानेच गमावलेला वेग बऱ्याच अंशी परत मिळतो. हे काम नववीतील मुले शिकून घेऊ शकतात आणि त्यात त्यांचे शिक्षणही आहे.

विजेचा हिशेबही पाहावा. जुना डेस्कटॉप आणि काचेचा मॉनिटर मिळून सुमारे १५० वॅट घेत. अशी वीस यंत्रे म्हणजे ३,००० वॅट. त्याऐवजी पाच वॅटची पेटी आणि वीस वॅटचा सपाट पडदा अशी वीस आसने, शिवाय १५० वॅटचा मुख्य संगणक, हे सारे ६५० वॅटमध्ये बसते. १५० ॲम्पिअर-तासाच्या दोन बॅटऱ्यांचा इन्व्हर्टर पहिल्या यंत्रणेला अर्ध्या-पाऊण तासात टेकीला आणील. दुसरी त्याच्यावर तीन तास चालू शकेल. भारनियमनाचे दिवस ज्यांनी कंदिलाच्या उजेडात काढले, त्यांना या फरकाचा अर्थ समजावून सांगायला नको.

सामायिक पद्धतीवरचा सर्वांत सबळ आक्षेप मला मान्य आहे: चूल विझली की सारी पंगत उपाशी राहते. मुख्य संगणक बंद पडला तर वीसच्या वीस मुले उठतात आणि तो दुरुस्त करणारा माणूस अमरावतीहून येईपर्यंत आठवडा जातो. परवान्यांचाही प्रश्न असतो. घरगुती विंडोजचा एकच परवाना घेऊन सात जणांना बसवणे नियमात बसत नाही. शाळेने मुलांना नियम शिकवायचे आणि स्वतः मोडायचे, हे बरे नव्हे. मुक्त प्रणाली वापरली तर हा प्रश्न उरत नाही. केरळने आपल्या शाळांतील संगणक शिक्षणासाठी मुक्त प्रणालीच स्वीकारली आणि तेथील मुलांचे त्यात काही अडले नाही.

म्हणून मी दोन्ही टोके टाळावीत असे म्हणतो. सारे एकाच चुलीवर नको आणि प्रत्येकाला महागडी स्वतंत्र चूलही नको. आपल्याला परिचित असलेला मध्यम मार्ग येथेही आहे. कोठीघर एक ठेवावे आणि शेगड्या वेगळ्या कराव्यात. एलटीएसपीचे २०१९ नंतरचे रूप असेच चालते. टेबलावरचा जुना संगणक सुरू होताना आज्ञाप्रणाली मुख्य संगणकावरून मागवून घेतो आणि पुढचे काम स्वतःच्या प्रोसेसरवर व रॅमवर करतो. त्यामुळे व्हिडिओचा भार तारेवर पडत नाही, वीस यंत्रांची देखभाल एकाच ठिकाणी होते आणि एखादे यंत्र गेले तरी एकच मूल उठते. ज्यांच्यात चांगली रॅम बसत नाही, अशी जुनी यंत्रे तेवढी टर्मिनल म्हणून वापरावीत. मुख्य संगणक मात्र दोन असावेत, एक कामाचा आणि एक राखीव. दोन साधे संगणक एका मोठ्या सर्व्हरपेक्षा शाळेला अधिक उपयोगी पडतात.

ही वेळही अनुकूल आहे. विंडोज १० ला मिळणारे साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीआधीचे प्रोसेसर अधिकृतपणे स्वीकारत नाही. त्यामुळे कार्यालयांतून चौथ्या ते सातव्या पिढीची धडधाकट यंत्रे बाहेर पडत आहेत. यांतील चार खाचांच्या मदरबोर्डवर ३२ जीबीपर्यंत रॅम बसते. लिनक्सवर ती आणखी काही वर्षे उत्तम चालतील. आपले अनेक माजी विद्यार्थी बँका, महावितरण, महसूल आणि शिक्षण खात्यांत आहेत. रीतसर निर्लेखन आणि लिलाव होत असताना त्यांनी शाळेला वेळेवर कळवले, तरी पुष्कळ होईल.

मात्र एक नम्र सूचना. घरात अडगळ झालेली वस्तू शाळेत आणून टाकणे म्हणजे दान नव्हे. ज्याला द्यायचे त्याच्या उपयोगी पडते तेच दान. यंत्र देणाऱ्याने ते चालू करून दाखवावे, त्यात किती रॅम बसते ते लिहून द्यावे आणि सोबत जमल्यास एक एसएसडी द्यावी. ज्यांच्याकडे यंत्र नाही त्यांनी वर्षातून दोन रविवार द्यावेत. दुरुस्तीला आलेला एक माणूस कधी कधी दहा नव्या यंत्रांहून अधिक कामाचा ठरतो.

संस्थेकडे माझे मागणे त्याहून लहान आहे. कक्षात एक वही ठेवावी. रोज तीन नोंदी कराव्यात: आज किती मुले बसली, लॉगिनला किती मिनिटे लागली आणि कोणते आसन बंद होते. सामायिक यंत्रणेवर तास चालू असताना मुख्य संगणकावर एकदा नजर टाकावी. रॅम भरली आहे, डिस्क धापा टाकते आहे की तार तुंबली आहे, हे दाखवणारी सोय त्यातच असते. पुढच्या मेळाव्यात ठराव मांडण्याआधी ती वही वाचून दाखवावी. मी तेव्हा ती वाचली असती, तर समाजबांधवांनी पोटाला चिमटा घेऊन दिलेले पैसे चुकीच्या जागी गेले नसते.

त्या चुकीची भरपाई म्हणून हा लेख लिहिला आहे. नवे संगणक घ्यायला माझा विरोध नाही. जमेल तेव्हा अवश्य घ्यावेत. पण त्याआधी आहे त्या यंत्रांनी प्रत्येक मुलाला रोज किती मिनिटे मिळतात, हे आपण विचारत राहू या. सातची अठरा मिनिटे झाली, तर परीक्षा केंद्रात माऊस धरणारा आपल्या लेकराचा हात थरथरणार नाही. एवढेच साधले तरी वर्गणीचे चीज झाले, असे मी मानीन.